खुलासा: पहिल्या बोर्डात नाव नाही म्हणजे नकार नव्हे

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘आर्मी आरओटीसीच्या पहिल्या बोर्डात नाव आलं नाही, की कॉलेजची शिष्यवृत्ती गेलीच.’ तसं नाही. आर्मी आरओटीसी म्हणजे कॉलेज शिकता शिकता अमेरिकी लष्करात अधिकारी होण्याचं प्रशिक्षण, आणि ‘बोर्ड’ म्हणजे त्याच्या शिष्यवृत्तीसाठी निवड मंडळाची बैठक. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात हे मंडळ एकाहून जास्त वेळा बसतं. पहिल्यांदा न निवडलेला अर्ज पुढच्या बैठकीत आपोआप जातो. मधल्या काळात एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे गुण वाढले तर कळवावेत. नुसतं पोर्टल उघडून बघत बसल्याने ते वाढत नाहीत!

नाव आलं तरी पेढे जरा थांबवा. वैद्यकीय तपासणी बाकी असते. दम्याचा जुना कागद निघाला की गाडी अडते. वैद्यकीय अटीतून सूट मागता येते, पण मिळेलच असं नाही. आणि ग्रीन कार्डावर हे जमत नाही, अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं.