ड्रॅगन ठीक आहे, पण भाकरी कोण भाजतं?

टीनएजर मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी फँटसी आणि डिस्टोपियन (म्हणजे बिघडलेल्या, जुलमी जगाच्या) कादंबऱ्या मी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वाचल्यात, की "या वयात हे काय वाचतेस?" असं घरात आता कुणी विचारत नाही. निमित्त अकरावीतली भाची. ती पुस्तकं आणायची, अर्धवट टाकायची, मी उचलायचे. मग तिचे क्लास सुरू झाले, ती मागे पडली आणि मी एकटीच पुढे निघाले. एक-दोन मैत्रिणींनी विचारलं की मुलांना यातलं काय द्यावं, काय नको, म्हणून हे लिहितेय. लांबलंय. हातात चहा असू द्या. स्पॉयलर आहेत, आधीच सांगते.

माझा धंदा हिशेबाचा. नाशिकच्या मेन रोड, भद्रकाली भागातल्या छोट्या दुकानदारांची जीएसटी रिटर्न्स भरून देते. त्यामुळे एक खोड लागलीय. कादंबरीत कुठलंही काल्पनिक राज्य समोर आलं की माझ्या डोक्यात पहिले प्रश्न येतात ते असे: इथे धान्य कुठून येतं? कर कोण भरतं? राजवाड्यातली भांडी कोण घासतं? लेखकाकडे याची उत्तरं असतील तर त्याच्या ड्रॅगनवरही माझा विश्वास बसतो. नसतील तर राजपुत्राचे डोळे कितीही गहिरे असोत, मला पुढच्या पानाची ओढ लागत नाही.

या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क अजूनही सुझन कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'ला. २००८ चं पुस्तक आहे, सगळ्यांना माहितीये, पण लोकांना त्यातलं रिंगण आणि धनुष्यबाण आठवतो. मला आठवतो तो रेशनचा हिशेब. कॅपिटल ही राजधानी, तिच्या हाताखाली डिस्ट्रिक्ट नावाचे प्रांत, आणि दरवर्षी तिथली मुलं सोडतीने निवडून रिंगणात मरेपर्यंत लढवायची. मूल बारा वर्षांचं झालं की सोडतीत त्याचं नाव एकदा पडतं, पुढे दरवर्षी एकेक वाढत जातं. इथपर्यंत सगळे सारखे. पण घरात खायला नसेल तर नाव जास्तीचं टाकून घ्यायची सोय आहे. एका जादा चिठ्ठीमागे एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल. नायिका कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी अशा तीन चिठ्ठ्या जास्त टाकते. म्हणजे वर्षाला चार, आणि आकडा मागच्या वर्षात मिळवला जातो. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या चिठ्ठ्या होतात वीस. तिचा मित्र गेल, त्याच्या अठराव्या वर्षी बेचाळीस, कारण त्याच्या घरात खाणारी तोंडं जास्त.

काय जबरदस्त बांधलंय बघा. कुणावर जबरदस्ती नाही, कायदा सगळ्यांना एकच, सही तुम्हीच करायची. आणि तरी मरायची शक्यता गरिबाचीच जास्त. हे वाचताना मला कॅपिटलचे रंगीत केसवाले लोक क्रूर वाटले नाहीत तेवढा तो फॉर्म क्रूर वाटला. राज्य दुष्ट आहे हे सांगायला कॉलिन्सबाईंना एकही राक्षस लागला नाही. २०२० च्या 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स'मध्येही तेच. पुढे हुकूमशहा होणारा स्नो पहिल्यांदा दिसतो तो उकळत्या पाण्यात कोबी टाकताना. घराण्याचं नाव मोठं, पत्ता उंची आणि भांड्यात कोबी. त्याच्यातला पुढचा सगळा हावरटपणा त्या पातेल्यात आहे.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'सनराइज ऑन द रीपिंग'बद्दल मात्र मी साशंक होते. पन्नासावे खेळ, दुप्पट म्हणजे अठ्ठेचाळीस मुलं, आणि नायक हेमिच, म्हणजे पुढे कॅटनिसला खेळांसाठी तयार करणारा. हेमिच जिंकतो हे आपल्याला मालिकेच्या दुसऱ्या भागापासून, 'कॅचिंग फायर'पासून, ठाऊक. मग वाचायचं काय? वाचून झाल्यावर मात्र बाईंना मानलं. 'कॅचिंग फायर'मध्ये कॅटनिस आणि तिच्यासोबत खेळांत उतरलेला पीटा आगगाडीत बसून त्या जुन्या खेळांची टेप बघतात, आणि त्यांच्यासोबत आपणही बघतो. नव्या पुस्तकात कळतं की ती टेप कापलेली होती. सोडतीच्या वेळी एक मुलगा पळतो, त्याला तिथेच गोळी घालतात, त्याच्या जागी हेमिचला उभं करतात आणि सोडतीचा प्रसंग कॅमेऱ्यासमोर पुन्हा 'व्यवस्थित' चित्रित करतात. रिंगणच मोडून टाकायचा हेमिचचा प्रयत्न तर टेपवर नावालाही नाही. म्हणजे सोळा वर्षं जगभरचे वाचक कॅपिटलने दाखवलं तेच खरं धरून बसले होते, मीसुद्धा! मालिकेतल्या आधीच्या पुस्तकाचा असा वापर मी दुसरीकडे पाहिला नाही. दिवसभर रील्स बघणाऱ्या पोरांना फेक न्यूजवर भाषण देण्यापेक्षा ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचायला द्या. शेवट थोडा लांबवलाय, आणि जुन्या पात्रांची हजेरी लावायचा सोस जरा जास्त झालाय. पण तेवढं चालतं.

आता ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांच्याकडे वळते.

लॉरेन रॉबर्ट्सचं 'पॉवरलेस' २०२३ मध्ये आलं, पाठोपाठ 'रेकलेस' आणि 'फिअरलेस'. इल्या नावाचं राज्य. काहींकडे जादूच्या शक्ती, ते एलिट; ज्यांच्याकडे नाहीत ते ऑर्डिनरी, त्यांना राज्यात जागा नाही, सापडले की मृत्यू. नायिका शक्ती असल्याचं नाटक करत गल्लीबोळात खिसे कापून जगते आणि मग स्पर्धेत ओढली जाते. कल्पना वाईट नाही. पण शंभरेक पानांत ते राज्य पडद्यासारखं मागे टांगलं जातं आणि पुढे फक्त राजपुत्र आणि ती. एकमेकांवर सुरी रोखतात, तीही इतक्या जवळून की श्वास ऐकू यावा. हद्दपारी, छळ, मरणारी माणसं हे सगळं त्या श्वासांसाठी नेपथ्य. भाची एका वाक्यात निकाल लावून मोकळी झाली: "मावशी, राज्य जळतंय आणि ही त्याच्या जबड्याची रेषा बघतेय." प्रेमकथा नको असं माझं म्हणणं नाही. सोळाव्या वर्षी प्रेमकथा नाही वाचायची तर कधी वाचायची? पण मग प्रेमकथाच लिहा ना. जुलमी राज्याची सजावट कशाला?

अशा पुस्तकांची हल्ली रांग लागलीय. जीवघेणी स्पर्धा, वीतभर सुरी, शत्रूचा मुलगा, मुखपृष्ठावर मुकुट आणि काटेरी वेली. दुकानात उभं राहून मागचं पान वाचलं तर कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही.

इथे पालकांसाठी एक सूचना. रेबेका यारोसचं 'फोर्थ विंग' आणि पुढची दोन पुस्तकं टीनएजर पुस्तकांच्या शेजारी मांडलेली दिसतात आणि नववी-दहावीच्या मुली ती धडाधड वाचतात. ती मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत. नायिका वीस वर्षांची आहे आणि त्यात जे प्रसंग आहेत ते मोठ्यांचेच आहेत. बंदी घाला असं मी म्हणत नाही, घातलीत तर आजच वाचतील. फक्त आपण काय घेऊन देतोय ते माहीत असू द्या. बाकी पुस्तक म्हणून मला पहिला भाग आवडला. ठिसूळ सांध्यांची, सहज हाडं मोडणारी मुलगी सैनिकी शाळेत तग धरते, हे चांगलं जमलंय. दुसरा भाग निम्म्यात आटोपला असता.

टोमी अडेयेमीचं 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' (२०१८) माझ्या परीक्षेत सहज पास. तिथली मुलगी घराबाहेर पडते तीच मुळी कर भरायला मासा विकायचा म्हणून. कर थकला तर माणसाला वेठबिगारीला धाडतात. बस्स, पहिल्या काही पानांत राज्य कळलं. तिसरा भाग २०२४ मध्ये आला, त्याने मात्र निराशा केली. एवढं मोठं जग उभं करून शेवट घाईघाईत उरकलाय. ली बार्डुगोचं 'सिक्स ऑफ क्रोज' आवडत असेल तर कारण हेच: त्या शहरात देव म्हणजे व्यापार. इनेज ही मुलगी कुंटणखान्यातून सुटते ती कुणाच्या दयेने नाही, तिचा करार दुसऱ्याने विकत घेतला म्हणून, आणि मग ते कर्ज तिच्या डोक्यावर. कर्जाचा कागद माणसाला कसा बांधतो हे ज्या घरांनी पाहिलंय त्यांना यातली जादू वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते नील शुस्टरमनच्या 'साइथ'ने. इथे माझा भाकरीचा प्रश्नच बाद होतो. भूक संपलीय, आजार संपलेत, मरणही संपलंय. थंडरहेड नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं चालवते आणि, गंमत म्हणजे, चांगलं चालवते. पण लोकसंख्या वाढू नये म्हणून काही माणसांना इतरांचे प्राण घेण्याचं काम दिलंय. त्यांचा ठरलेला कोटा आहे. असा एक साइथ सुरुवातीलाच नायिका सिट्राच्या घरी येतो आणि जेवायला बसतो. घरातल्यांचे हात थरथरतायत, वाढणं चालूय, कुणाची पाळी आहे ते विचारायची हिंमत नाही. शेवटी कळतं, तो शेजारणीसाठी आलाय. त्या जेवणाच्या टेबलावर जो ताण आहे तो शंभर तलवारबाज्यांत सापडणार नाही. तो साइथ कुणाला निवडायचं हे कसं ठरवतो, तर मरण होतं त्या काळातली आकडेवारी काढून. दारू पिऊन गाडी चालवणारे इतके टक्के मरायचे, मग आज तसाच एक. दुसरी साइथ वेगळ्या निकषाने निवडते. दोघं सज्जन. आणि तिसरा एक आहे ज्याला हे काम आवडतं. २०१६ चं पुस्तक आहे, पण एआयच्या आजच्या गप्पांमध्ये वाचलं तर जास्त झोंबतं, कारण यात मशीन शहाणं आहे आणि घाण माणसांनी केलीय.

आता हे सगळं परदेशी आहे, आपल्या मुलांना काय कळणार, असं म्हणणाऱ्यांसाठी. व्हेरोनिका रॉथच्या 'डायव्हर्जंट'मध्ये, भविष्यातल्या शिकागोत, सोळाव्या वर्षी मुलांची पाच गटांत विभागणी होते. जो कुठल्याच गटात टिकत नाही तो बस चालवतो, झाडू मारतो, बदल्यात थोडं अन्न आणि कपडे. पुस्तक तसं मध्यम आहे, तिसऱ्या भागात तर गाडी पार रुळावरून घसरते. पण भाचीने ते एका बैठकीत वाचलं. का, ते मला तिच्या गळ्याकडे बघून कळलं. ती ज्या क्लासला जाते तिथे आयकार्डच्या दोरीचा रंग बॅचप्रमाणे असतो. टेस्टनंतर रात्री ग्रुपवर पीडीएफ येते, रोल नंबर आणि नवी बॅच. सकाळी काउंटरवर निळी दोरी जमा करायची आणि पिवळी घ्यायची. पिवळीवाल्यांना डाउट विचारायला सर मिळतात ते संध्याकाळी उशिरा, निळ्यांचं संपल्यावर. कॉलेज रोडला एखाद्या संध्याकाळी उभं राहा, पोरं समोरच्याच्या चेहऱ्याआधी दोरी बघतात. शिकागोचं काय घेऊन बसलात.

मग मराठीत असं का नाही, हा प्रश्न येतोच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, नारायण धारपांनी कित्येक पिढ्यांची झोप उडवली. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तर जयंत नारळीकर, विज्ञानकथा लिहिणारा माणूस. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण निवड झाली हेच मला मोठं वाटलं होतं. तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आज मराठीत काय द्यायचं म्हटलं की हात सरळ 'मृत्युंजय'कडे जातो. मधली पायरीच नाही. बाजार छोटा, छपाई महाग, ही कारणं मला माहितीयत. पण कच्चा माल नाही असं कुणी म्हणू नये.

८ डिसेंबर २०२३ ला एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. लासलगावला लिलाव थांबले. ज्या पोराने ट्रॅक्टरवर बसून बापाचा चेहरा बघितला, त्याला डिस्ट्रिक्ट अकराची गोष्ट, शेतात राबायचं पण पिकाला तोंड लावलं तर चाबूक, वेगळी समजावून द्यायला नको. आणि पाणी! १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, असा हिशेब आहे. मग आमच्याकडे आंदोलनं, तिकडे मराठवाड्यात आंदोलनं, कोर्टात तारखा, आणि दारणा धरणाच्या दरवाज्यावर पोलीस बंदोबस्त. यात कॅपिटल कोण? मला तर दोन्हीकडे डिस्ट्रिक्टच दिसतात, एकमेकांवर धावून जाणारे. निफाडची एक मुलगी आणि पैठणचा एक मुलगा घ्या, मध्ये एक कालवा, आणि तो दरवाजा कुणाच्या सहीने उघडतो याची चौकशी. प्रेमकथाही घाला, मी तक्रार करणार नाही. मी स्वतः लिहिणार नाही, मला रिटर्न्स भरायची आहेत. पण कुणी लिहिली तर पहिल्या दिवशी पाच प्रती घेईन आणि एक सार्वजनिक वाचनालयाला देईन.

जाता जाता एक काम. 'साइथ'चा दुसरा भाग, 'थंडरहेड', एका क्लायंटच्या मुलाने नेलाय आणि तो मुलगा आता पुण्याला गेलाय. नाशिकमध्ये कुणाकडे असेल तर आठवडाभर द्या. पंचवटी, सातपूर, नाशिकरोड, कुठेही येऊन नेईन. बदल्यात 'सनराइज ऑन द रीपिंग' न्या, पण पानं दुमडू नका. आणि 'पॉवरलेस' कुणाला हवं असेल तर कायमचंच घेऊन जा.