ज्वारीचं माप आणि स्पीकरचं पोट

वडिलांच्या काळातले दोन स्पीकर आमच्या लातूरच्या घरी माळ्यावर पडून होते. आठ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा भोंगा), सागवानी कागद चिकटवलेली भुशाच्या फळ्यांची खोकी, आणि पाठीला पुठ्ठ्यापेक्षा जरा बरा असा पातळ हार्डबोर्ड, चुका मारलेला. गाणं नीट ऐकू यायचं; पण ढोलावर थाप पडली की कुणी परातीत वाटाणे टाकतंय असं वाटायचं.

दोष पाठीचा होता. वूफरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागची लाट फटीफटीतून वळसा घालून पुढे आली की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे माझं खोकं वीस वर्षं स्वतःचाच बास गिळत होतं.

उपाय ठरला: पाठीला जाड प्लाय, फटी बंद, आणि पुढे एक नळी. खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते, नळीतली हवा वजनासारखी, आणि दोघी एका ठराविक सुरावर झुलतात. हे लातूरकराला शिकवायला नको. नळाखालची घागर किती भरली ते आम्ही आतल्या खोलीतून नुसत्या आवाजावर सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा तर या विद्येत घरोघरी पंडित तयार झाले.

नळी किती लांब हवी हे ठरवायचं तर खोक्याचं पोट किती लिटरचं ते कळलं पाहिजे. आत पट्ट्या, कोपरे, ठोकळे. टेपने काही जमेना. मग वूफर काढून खोकं उताणं ठेवलं आणि कोठीतली ज्वारी लिटरच्या मापाने ओतायला बसलो.

"काय करलालास रे?" आईने विचारलं.

"माप घेतोय."

"ज्वारीचं?"

"स्पीकरचं."

आई काही बोलली नाही. तीस मापं बसली. ती ज्वारी तिने नंतर दोनदा चाळली, आणि तरी ज्या भाकरीत भुसा निघाला ती बरोबर माझ्याच ताटात आली.

पाइपच्या दुकानात ६३ मिलिमीटरचा वीतभर तुकडा मागितला.

"मोरीला का?"

"स्पीकरला."

दुकानदाराने क्षणभर विचार केला. "गळायलाय का?"

हिशेबाप्रमाणे १४ सेंटिमीटरच्या नळीने खोकं ३८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३८ कंपनांच्या, आसपास सुरात लागत होतं. खरं तर वूफरचा स्वभावही बघावा लागतो. नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात याचं गणित मांडून ठेवलंय, पण त्याला वूफरची बरीच मापं लागतात. माझ्या वूफरच्या पाठीवर फक्त '८ ओहम' एवढंच वाचता येत होतं, आणि तेही चष्मा लावून.

सुताराने प्लाय ठोकला, फटी मी एम-सीलने बुजवल्या. रविवारी दुपारी खुर्ची खोलीच्या अगदी मधोमध ठेवली, दोन्ही स्पीकर समोर, आणि मोबाइलवरून नुसता एक सूर वाजवत खालून हळूहळू वर नेला. पस्तीस, चाळीस... छातीत गुरगुर झाली. डोळे मिटले. चव्वेचाळीस, सेहेचाळीस... आणि आवाज गायब. कुठली तरी फट राहिली म्हणून आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला.

डोळे उघडले तर घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात मांडणीवरचे स्टीलचे पेले मात्र एका सुरात थरथरत होते.

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात भांडी वाजली की माणूस आधी अंगणात जातो, मग कारण विचारतो. अंगणात आई, बायको, दोन्ही पोरं, आणि कुंपणापलीकडे शेजारचे काका बनियनवर.

टेप लावून नंतर पाहिलं. खोली लांबीला बारा फूट. तेवढ्या अंतरात सत्तेचाळीस हर्ट्झची बरोबर अर्धी लाट मावते; भिंतींशी ती दणदणते आणि मधोमध जवळजवळ शून्य होते. तिथेच माझी खुर्ची.

पण हे सगळं रात्री कळलं. तेव्हा मी नुसता दारात उभा होतो.

"एवढं घर हादरलालतं," आई म्हणाली, "तुला काहीच आयकू आलं न्हाई?"

"नाही."

आईने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "कानाचे एक डॉक्टर हायेत ओळखीचे."