साइन ३० चुकलेलं नाही, बटण मात्र नको

मुंबईतल्या क्लासवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. एक्सेलमध्ये साइन ३० केलं की ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं, म्हणजे सॉफ्टवेअर चुकीचं. रेडियन (वर्तुळावर त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने केंद्राशी होणारा कोन) हे कृत्रिम खूळ, अंश नैसर्गिक. तेव्हा कॅल्क्युलेटरसारखं अंश-रेडियनचं बटण द्या.

पहिला मुद्दा एका ओळीत निकालात निघतो. एक्सेल काय, प्रोग्रामिंगची पायथन भाषा काय, साइनला कोन रेडियनमध्येच लागतो आणि ३० रेडियनचं साइन उणे ०.९८८ च आहे. अंशांचे रेडियन करून देणारं फंक्शन दोन्हीकडे आहे, वापरायचा कंटाळा.

‘कृत्रिम’ म्हणणाऱ्यांनी आर्यभटाची ज्या-सारणी, म्हणजे साइनचा जुना तक्ता, बघावी. परीघ २१,६०० कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि त्रिज्याही कलांतच, ३,४३८. कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजायच्या, रेडियनचा गाभा तोच. म्हणून तिथे २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५ च येते. अंशांत हे सुख नाही. साइनचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घेतलं की दर वेळी पाय (π) भागिले १८० मागे लागतं. ३६० तर माणसाने सोयीसाठी निवडलेला आकडा. मग कृत्रिम कोण?

खरा धोका बटणात आहे. कॅल्क्युलेटर एकाच्या हातात असतो, शीट दहा जणांकडे जाते. परळच्या ऑफिसात अंशांवर बनवलेली शीट ठाण्यात रेडियनवर उघडली की सूत्राचं अक्षरही न बदलता आकडे बदलणार. आणि मुंबईत ते कळणारही नाही! एक अंश रेखांशाचं अंतर काढायला १११.३ किलोमीटरला अक्षांशाच्या कोसाइनने गुणतात. आपला अक्षांश १९. कोसाइन ०.९४६, अंतर १०५ किलोमीटर. तेच १९ रेडियन समजले गेले तर कोसाइन ०.९८९, अंतर ११०. संशय कुणाला येणार? नागपूरला, २१.१५ वर, हीच चूक केली तर कोसाइन उणे ०.६७ येतं, अंतर ऋण, चोर जागीच पकडला जातो.

रेडियनविरुद्धची खरी तक्रार फॉरवर्डात नाहीच. पायची किंमत संगणकात पूर्ण मावत नाही, त्यामुळे साइन पाय शून्य येत नाही. एक किरकोळ संख्या उरते, दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग १२. याला उत्तर आहे, पण ते बटणाचं नाही. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये अंशांसाठी ‘साइनडी’ हे वेगळं फंक्शन आहे, त्याला १८० दिले की नेमकं शून्य मिळतं. सी या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘सी२३’ या अधिकृत आवृत्तीत ‘साइनपाय’ आलं, ते कोन पायच्या पटीत घेतं. दोन्हीकडे एकक नावातच आहे, सूत्र कुठेही न्या. वेबपानांची मांडणी ठरवणारी सीएसएस भाषा त्याहून कडक: काही फिरवायला रोटेट ३० लिहून एकक दिलं नाही, तर ब्राउझर ती सूचनाच मानत नाही.

एक्सेलकडे मागायचंच असेल तर अंशांसाठी असं वेगळ्या नावाचं फंक्शन मागा. जुन्या साइनला हात लावला, तर त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या शीटा एका अपडेटमध्ये खोट्या ठरतील.