पांढरे कडे

आमच्या इंदूरच्या रामबागेतील घरात आजोबांचे एक सागवानी मेज आहे. होळकर संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा तेथे कारकुनी करणाऱ्या आजोबांनी ते रीतसर पैसे मोजून घेतले, असे आत्या सांगते. त्यांनी ते कचेरीतून तसेच उचलून आणले, असे आईचे म्हणणे आहे. मेजाच्या उजव्या कोपऱ्यातला शाईचा डाग दोघीही पुरावा म्हणून दाखवतात. जूनअखेरीस त्याच मेजावर मी चहाचा गरम कप ठेवला आणि उचलून पाहतो तो तेथे एक पांढरे वाटोळे कडे उमटलेले.

कोणा जाणत्याला विचारण्यात मला कमीपणा वाटत असल्यामुळे मी संपूर्ण मेज घासून त्याला नव्याने पॉलिश करण्याचे ठरवले. सियागंजातल्या दुकानदाराला काचकागद मागितला, तेव्हा त्याने काही क्षण माझ्याकडे पाहून "रेगमाल बोलो ना, भिया" असे म्हणत ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचे कागद समोर टाकले. नंबर जितका मोठा तितका कागद अधिक खरखरीत, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आकडा चढत जातो तसा कागद गुळगुळीत होत जातो. आमच्या कचेरीतील पदांचेही तसेच आहे.

घासताना हात लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच फिरवायचा असतो, हे मला कळले तेव्हा मी निम्मे मेज आडवे घासून त्यावर मांजराने नखे मारल्यासारखे ओरखडे काढून ठेवले होते. ते घालवण्यासाठी चार दिवस घासले. तपकिरी भुसा माझ्या नाकात, आईच्या पिठाच्या डब्यात आणि देवघरातल्या पितळी बाळकृष्णाच्या अंगावर जाऊन बसला. मग उरला तो कचऱ्याचा प्रश्न. आमच्या शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. जुन्या पॉलिशची भुकटी मिसळलेला भुसा सुक्यात टाकावा की घरगुती घातक कचऱ्यात, यावर कचरागाडीवरच्या ताईंशी माझी एवढी चर्चा झाली, की मागे बादल्या घेऊन उभे असलेले शेजारी मते देऊ लागले. भुसा अखेर घातक ठरला.

त्यानंतर चपडा. लाखेच्या किड्यांच्या राळेपासून होणाऱ्या त्या पिंगट पापड्या रात्रभर स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने मी पातळ हात फिरवत गेलो. हे काम खरोखर सुखाचे आहे. प्रत्येक हातागणिक सागाच्या रेषा उजळत होत्या. बाहेर मात्र जुलैचा पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतले पाणी त्या ओल्या थरात अडकते, हे मला सकाळी समजले. एक कडे घालवायला निघालो होतो. आता अख्खे मेज पांढरे झाले होते.

शेवटी पॉलिशवाल्याला बोलावले. "बरसात में चपड़ा कौन लगाता है, भिया?" एवढेच म्हणून त्याने फडक्यावर किंचित स्पिरिट घेतले आणि कोपऱ्यात हलकेच फिरवले. पांढरेपणा तेथल्या तेथे नाहीसा झाला. चहाचे कडेही असेच गेले असते, असे सांगून त्याने पैसे घ्यायला नकार दिला, ते मला अधिक लागले. उरलेले काम हवा कोरडी झाल्यावर, दसऱ्यानंतर करू, असे ठरले.

दरम्यान गणपती आले. आईने त्या पांढऱ्या मेजावर जुना शेला अंथरून मखर मांडले. आरतीला आलेल्या आत्याने टाळ्या वाजवता वाजवता शेल्याचा उजवा कोपरा उचलून पाहिला आणि "शाईचा डाग कुठे गेला रे?" असे भर आरतीत विचारले.