लाडकी बहीण: पैसा बाजारात फिरतो, पण तो येतो कुठून?

बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये टाकणारी राज्य सरकारची ‘लाडकी बहीण’ योजना म्हणजे फुकटेपणा, असं म्हणणाऱ्यांशी मला आधी भांडायचं आहे. आणि मग सरकारशी.

ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार एकदम खात्यात आले. तेव्हापासून तालुक्याच्या गावांत दुकानदारी करणाऱ्या कोणालाही विचारा. हप्ता जमा झाला की किराणा दुकानातली उधारी मिटते, पोरांची दप्तरं घेतली जातात, सासूचं राहिलेलं औषध येतं, बचत गटाचा हप्ता वेळेवर भरला जातो. ज्या घरात महिनाअखेर ओढाताण असते, तिथे दीड हजार रुपये पडून राहत नाहीत. २०२५ मध्ये दोन कोटींहून जास्त बायकांना दीड-दीड हजार मिळत होते, म्हणजे महिन्याला तीन हजार कोटींच्या वर. एवढी रक्कम राज्यभरच्या छोट्या बाजारांत उतरत होती. भाजीवाली, शिंपी, दूधवाला यांच्याकडे गेलेला रुपया गावातच आणखी दोन-तीन हात फिरतो. साबणावर किंवा मोबाइलच्या रिचार्जवर गेलेला लगेच बाहेर जातो. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या हप्त्यात गेलेलाही जातो, पण त्या बाईच्या डोक्यावरचं व्याज तरी कमी होतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यासाठी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावं लागेल, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. त्याला कोणी फुकटेपणा म्हटलं नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे दीड हजार मात्र डोळ्यांत खुपतात. याचा मला मनापासून राग येतो.

आता सरकारशी भांडण. २०२४ मध्ये या योजनेला वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तरतूद ३६ हजार कोटींची, आणि त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा चालू खर्च जास्त, ४५ हजार कोटींहून अधिक. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचे शेकडो कोटी इकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आश्रमशाळेतल्या मुलीच्या वाट्याचा पैसा तिच्या आईच्या खात्यात टाकला, तर त्या घराला काय मिळालं? आणि बाजारातली एकूण मागणी तरी कुठे वाढली? एकीकडे हप्ते जमा होतात, दुसरीकडे ठेकेदारांची बिलं थकतात आणि त्यांच्याकडच्या मजुरांचे पगार अडतात.

याच महाराष्ट्राने हे एकदा नीट करून दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांच्या हाती पैसाच उरला नव्हता. कामं काढली गेली, ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण त्याआधीच, १९७५ मध्ये, तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी दिलेला तो पैसा होता, आणि तेवढीच भर सरकारने घालायची होती. पैसा कुणाकडून घ्यायचा हे तेव्हाच्या सरकारने लोकांना तोंडावर सांगितलं.

‘लाडकी बहीण’च्या बाबतीत हे कुणीच सांगत नाही. निवडणुकीत हप्ता २१०० रुपये करण्याचं आश्वासन देतानाही सांगितलं नाही. म्हणून हप्ता कधी येईल याची खात्री नसते, आणि खात्री नसलेल्या पैशावर कोणतीच बाई शिलाई मशीन घ्यायचं ठरवू शकत नाही.

माझी मागणी सरळ आहे. योजना चालू ठेवा, हप्त्याची तारीख ठरवा आणि तिच्यासाठी उत्पन्नाचा वेगळा मार्ग कायद्याने बांधून द्या. व्यवसाय कराची वर्षाला २५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ पासून जागची हललेली नाही. महिन्याला तीन लाख कमावणाराही तेवढाच भरतो. मी हा कर भरतो, आणि यासाठी जास्त भरायला तयार आहे. मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागते. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांनी, पक्ष कोणताही असो, ती लोकसभेत मागावी.