बोलायला नव्हे, शिकायला

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी चांगलीच जुंपली होती. पुण्यातल्या एका मित्राने सहज लिहिलं, की लेक-जावई दर शनिवारी ऑनलाइन समुपदेशन घेतात, तासाला दीड हजार रुपये. झालं! ‘घरातली उणीदुणी परक्यासमोर काढायला वर पैसे मोजायचे?’ एकाने विचारलं. दुसऱ्याला आत्या-मावश्या आठवल्या. त्या म्हणे फुकटात कान उपटायच्या. मग मुंबईची मैत्रीण सरसावली: थेरपी प्रत्येकालाच हवी, नको म्हणणाऱ्यांना तर आधी हवी.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. मला या भांडणात एकच खटकलं. थेरपी म्हणजे कुणापुढे तरी मन मोकळं करणं, हे दोन्ही बाजूंनी धरूनच टाकलं होतं.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, ‘टॉकिंग थेरपीज’ नावाची योजना आहे. नाव बोलण्याचं, पण काम बरंचसं गृहपाठाचं. २००८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्या पाठीशी डेव्हिड क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ होते आणि रिचर्ड लेयर्ड हे अर्थतज्ज्ञ. लेयर्ड यांचा युक्तिवाद अगदी हिशेबी होता: नैराश्य-चिंतेने घरी बसलेली माणसं बरी होऊन कामावर परतली, की उपचारांचा खर्च आपसूक भरून निघेल. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आपणच ऑनलाइन नाव नोंदवायचं. आधी नऊ प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागत होतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले, की दखल घेण्याजोगं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारांचा; तिथे ‘हो’ म्हटलं तर पुढचं बोलणं आधी त्यावरच होतं. दर भेटीआधी हाच कागद पुन्हा भरायचा.

मी गेले ती बाबांच्या आजारपणात. ते कोल्हापूरला, भाऊ-वहिनी त्यांचं सगळं करणारे आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर सूचना देणारी. फिजिओथेरपिस्ट बदला, मीठ कमी करा, रिपोर्ट स्कॅन करून पाठवा. दादा फोन उचलेनासा झाला, मला झोप येईनाशी झाली. समोर पडद्यावर पंचविशीतली इंग्रज मुलगी. अर्ध्या तासाची भेट, घड्याळ लावून. ‘तुम्ही एक केअरटेकर का ठेवत नाही?’ या तिच्या प्रश्नावर मी काय बोलणार! दोन गोष्टी मात्र तिने पक्क्या शिकवल्या. पहिली, काळजीची वेळ ठरवून टाकायची. संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात. दिवसभरात मनात आलं ते वहीत टिपायचं आणि त्या पाव तासात एकेकाकडे बघायचं: यावर मला काही करता येतं का? येत असेल तर कधी करणार ते लिहायचं, नसेल तर काट मारायची. दुसरी, दादाशी बोलायचं वाक्य आधी लिहून काढायचं. घडलं काय, मला वाटलं काय आणि मला नेमकं हवं काय, याच क्रमाने. ‘तू काही कळवतच नाहीस’ हे खोडून झालं, ‘मंगळवारचा रिपोर्ट मला शुक्रवारी कळला. मी घाबरून गेले. रिपोर्ट आला की नुसता फोटो टाकशील का?’ दादाने फोटो टाकायला सुरुवात केली. भांडण मिटलं असं नव्हे, पण फोन उचलला जाऊ लागला.

आत्या-मावश्यांकडे हे नव्हतं. त्यांच्याकडे जीव लावणं होतं, आणि निकालही बहुतेक वेळा आधीच ठरलेला असायचा: ‘तूच जरा सांभाळून घे.’ माझी खरी भीती तीच आहे. नात्यातली कौशल्यं शिकवण्याच्या नावाखाली सुनेला जुळवून घ्यायला शिकवायचं, एवढंच या समुपदेशनाच्या ॲपवर व्हायचं. नवरा हात उगारत असेल तर तिथे शांतपणे बोलण्याचं तंत्र कामाचं नाही. तिथे कायदा आणि सुरक्षित जागा हवी. शिवाय वन बीएचकेमध्ये सासूबाई बाहेरच्या खोलीत असताना व्हिडिओ कॉल करायचा कुठे? माझी एक मावसबहीण सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून करते, काचा वर करून.

इथलं सगळं गोमटं आहे, असंही नाही. आकड्यांचा सोस फार. गुण खाली आले की ‘अभिनंदन’ म्हणून फाइल बंद. बाबा गेल्यानंतरचं दुःख त्या नऊ प्रश्नांत कुठे बसवायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘हे तिकडचं फॅड, आपल्याकडे चालायचं नाही.’ त्याला मी गोव्याचं उदाहरण दिलं. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली; २०१७ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उपचार देणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. या कामासाठी प्रशिक्षण दिलेले साधेच लोक होते. सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर? सोडून दिलेली छोटी-छोटी कामं पुन्हा सुरू करणं, अडचण सुटी करून बघणं. तीन महिन्यांनी हे उपचार मिळालेल्या रुग्णांतले ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते. ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात ३९ टक्के. मोजायला कागद तोच, नऊ प्रश्नांचा. आणि ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून आहे; अवाजवी विचार तपासून बदलायला लावणारी विवेकनिष्ठ विचारपद्धती ती मराठीतून शिकवते. ती संस्था काय लंडनहून आली?

तेव्हा वाद घालायचाच तर पैशांवर आणि दर्जावर घालू या. इथे मला एक पैसाही द्यावा लागला नाही. तिकडे टेलि-मानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, चोवीस तास, मोफत, पण आमच्या ग्रुपवर तो कुणाला ठाऊक नव्हता. ॲपच्या जाहिराती मात्र सगळ्यांना पाठ.

पुण्याच्या मित्राला मी खासगीत विचारलं, समुपदेशक दर आठवड्याला काही सराव देतात का, साधारण किती भेटी लागतील ते सांगितलंय का, आणि फरक पडतोय हे कशावरून ठरवणार? त्याने लेकीला विचारून कळवलं: सराव नाही, भेटींचा आकडा नाही, आता वीस भेटींचं पॅकेज घेतलं तर दहा टक्के सूट आहे. मी त्याला म्हटलं, पॅकेज घेण्याआधी दुसरा समुपदेशक बघा.