चोच म्हणजे नख नव्हे, आत्या

श्रावणात आत्याचा फोन आला. मुंगसानं तांबडीवर झडप घातली होती. कोंबडी वाचली, पण वरची चोच पुढून मोडून तुकडा लोंबत होता. काय केलंस विचारलं, तर म्हणाली, "ग्रुपवर आलंय की औषध! चुना-हळद लावली, वरनं सुपरग्लू." मी ओरडलो तेव्हा उलट मलाच, "आरं, नखच की ते!"

तोच मेसेज काल पुन्हा आला, या वेळी चुलतभावाकडून. "कोंबडीची चोच तुटली? घाबरू नका, अर्ध्या तासात घरीच जोडा." खाली सहा कलमं आणि हात जोडलेली चिन्हं. लिहिणाऱ्यानं कोंबडी बहुतेक ताटातच पाहिली असावी.

पहिलं कलम असं: "चोच नखासारखी असते, तिला नसा नसतात. पोल्ट्रीवाले रोज चोची कापतात, कोंबड्यांना काही होतं का?" सगळा घोळ इथूनच सुरू होतो. चोचीचं बाहेरचं कवच केराटिनचं असतं आणि नखही त्याचंच, एवढं कबूल. पण कवचाच्या आत रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला जिवंत थर असतो, त्याच्या आत हाड. टोकाचं नुसतं कवच खरवडलं तर नख कापल्यासारखं, पण त्याच्या मागे मोडलं तर ते बोटाचं पेर तुटल्यासारखं. तांबडीच्या चोचीतून रक्त ठिबकत होतं. नखातून ठिबकतं का कधी?

आणि पोल्ट्रीचं उदाहरण तर लिहिणाऱ्याच्याच अंगावर उलटतं. स्कॉटलंडमध्ये मायकेल जेंटल या शास्त्रज्ञानं चोच छाटणीवरच वर्षानुवर्षं काम केलं. छाटलेल्या चोचीच्या खुंटात नसांच्या टोकांना गाठी येतात, हे त्यानं आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. माणसाचा पाय कापल्यावर खुंटात ठणकणाऱ्या गाठी येतात, तशाच या. १९९०च्या निबंधात तर छाटणीनंतर कित्येक आठवडे कोंबड्या चोच वापरायचं टाळतात, अशी नोंद आहे. अगदी लहान पिल्लांत हे परिणाम बरेच कमी दिसतात, तेही सांगायला हवं. पण तांबडी दोन वर्षांची अंड्यावरची कोंबडी होती, पिल्लू नव्हे. कोंबडी कण्हत नाही, गुमान कोपऱ्यात बसते, म्हणून दुखत नाही म्हणायचं?

दुसरं कलम चुना आणि ग्लूचं. मुरगळलेल्या पायावर, धड कातडीवर चुना-हळद लावतात. उघड्या मांसावर चुना भाजतो. ग्लूबद्दल एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो: नुसत्या कवचाला बारीक चीर गेली असेल, रक्त नसेल, तर काही डॉक्टर असा चिकट पदार्थ वापरून ती सांधतात. पण रक्ताळलेल्या जखमेवर तो ओतला की घाण आतच कोंडली जाते. शिवाय कोंबडीच्या नाकपुड्या वरच्या चोचीच्या मुळाशीच असतात. आत्यानं एक बंद करून टाकली होती. तालुक्याच्या डॉक्टरांचा निम्मा वेळ तो ग्लू काढण्यात गेला. मग लोंबता तुकडा त्यांनी कापून टाकला, कारण तो जगणारच नव्हता.

तिसऱ्या कलमानं मात्र जीवच जातो: "दर दोन तासांनी सिरिंजनं तोंडात दूध-पाणी सोडा." कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. वरून पिचकारी मारली की पाणी थेट फुप्फुसात. लोक म्हणतात चोचीनं मेली, खरं तर ती बुडून मेलेली असते. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल. त्याहून बरं म्हणजे खोलगट वाडग्यात भिजवलेला भरडा ठेवा, पेजेइतका पातळ. टोक नसलेल्या चोचीला सपाट जमिनीवरचा दाणा उचलता येत नाही, पण खोल वाडग्यात ती चोच बुडवून खाते.

माणसाची वेदनाशामक गोळी अर्धी करून द्या, हे चौथं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं गिधाडं संपत आली आणि म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, एवढं आठवलं तरी हात थांबावा. औषध डॉक्टरच ठरवतील.

पाचवं, "कळपातच ठेवा, एकटी खचते." लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. डालग्याखाली, पण कळप दिसेल अशी वेगळी ठेवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, मग उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा, नाकपुड्या सांभाळून.

शेवटचं, "१५ दिवसांत नवी चोच." कवच वाढतं, पण सावकाश, आणि आतलं हाड गेलं तर तेवढं टोक परत येत नाही. तांबडीचं आलेलं नाही. वरून घासायला काही नसल्यानं खालची चोच लांबत चालली आहे, ती डॉक्टरांकडून झिजवून घ्यावी लागते. पिसं नीट विंचरता येत नाहीत म्हणून उवा वाढतात. त्यामुळे आत्या दर रविवारी तिला मांडीवर घेऊन पंखाखाली बघते. अंडी मात्र पुन्हा सुरू झाली आहेत.